दोन आकड्यांची सरासरी

मुलीचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात उभा होतो. गोठ्यात आता गुरं नाहीत, भाडेकरूंच्या मोटारसायकली असतात. माझं तिथं काही काम नव्हतं. घरात बसवत नाही म्हणून मी बाहेर येतो, बाहेर उभं राहवत नाही म्हणून घरात जातो. बायको गेल्यापासून दहा महिने हेच चाललंय.

"आबा, आईची ती प्रेशरची वही आहे का हो अजून?"

"कशाला?"

"डॉक्टरबाईंनी मागितलीय. माझं प्रेशर वाढलंय, साखर पण काठावर आलीय. त्या म्हणाल्या, आईला काय होतं ते बघू दे. उद्या दुपारी भोसरीला या वही घेऊन."

"असंल कुठंतरी. बघतो," मी म्हणालो.

खोटं बोललो. वही कपाटात होती, बायकोच्या लुगड्यांच्या खाली. मीच ठेवली होती, आणि कोणाच्या हाताला लागू नये म्हणूनच ठेवली होती. मुलगी दहा महिने जो दोष आपल्या माथ्यावर घेऊन फिरतेय तो तिचा नाही, हे त्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. वही दाखवली तर ती सुटते आणि मी अडकतो. आजवर मी तिला अडकू दिलं.

आता सगळं सांगतो. मला शिक्षण सातवीपर्यंतचं, तेव्हा नीट मांडता येईल का ठाऊक नाही.

आम्ही कुरुळीचे. जमीन कंपन्यांत गेली तेव्हा मी रबरी पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो. आधी हमाली केली, मग तपासणीला बसलो आणि रिटायर होईपर्यंत तिथंच राहिलो. पाइप हातात घ्यायचा, व्हर्नियर लावायचा, माप लिहायचं. पाइप कधी अगदी गोल नसतो, जरा चेपलेला असतोच. म्हणून बाहेरचं माप दोनदा घ्यायचं, एकदा आडवं आणि एकदा उभं. दोन्हींची बेरीज करून अर्धी करायची. ते बसलं मर्यादेत की पुढं 'ओके' लिहायचं. हजारो पाइप असे केले. झोपेत विचारलं असतं तरी बेरीज करून अर्धी केली असती.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मुलीनं आईसाठी प्रेशरचं मशीन आणलं. मुलगी दिघीला दिलीय, चाकणला एका गोदामात कॉम्प्युटरवर कामाला जाते. बायकोचं पोट सुटलं होतं, जिना चढताना धाप लागायची. गावातल्या डॉक्टरनं साखर थोडी वाढलीय म्हणून सांगितलं होतं आणि प्रेशरची एक गोळी सुरू केली होती. मुलीनं पट्टा कसा बांधायचा ते दाखवलं, वही दिली. निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, "आबा, एकशेवीसच्या आसपास असलं की चांगलं. फार वाढलं तर मला फोन करा." रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. ती गेली.

मला एकशेवीस तेवढं लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला खुर्चीत बसवलं आणि पट्टा बांधला. पट्टा फुगायला लागला तशी ती म्हणाली, "अवं, हात तोडतंय का काय हे!" मशीननं दोन आकडे दाखवले. वर एकशे अडुसष्ट, खाली बाहत्तर.

आता एकशेवीस म्हणजे एक आकडा, आणि इथं तर दोन. मला यात काही अडलंच नाही. दोन मापं आली तर काय करायचं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. बेरीज दोनशे चाळीस. अर्धी एकशेवीस. लिहिलं: १६८, ७२, सरासरी १२०, ओके.

"कसं हाय?" तिनं विचारलं.

"एकशेवीस. नव्या पाइपासारखी हायस."

"व्हय, पाइपच म्हणा आता बायकोला," ती म्हणाली, पण खूश झाली.

रोजचाच नेम झाला तो. ती चहा ठेवायच्या आधी खुर्चीत बसायची आणि मी माझा जुना चष्मा लावून आकडे लिहायचो. खरं सांगायचं तर मला बरं वाटायचं. रिटायर झाल्यापासून कोणी माझ्याकडं तपासायला काही दिलं नव्हतं. संध्याकाळी मुलीचा फोन यायचा.

"आज किती आबा?"

"एकशे एकवीस."

"आणि खालचा?"

"खालचा सत्तर."

"वा! माझ्यापेक्षा चांगलं आहे आईचं."

खालचा मी तसाच सांगायचो, वरच्याच्या जागी सरासरी. फसवायचं म्हणून नाही. माझ्या लेखी वरचा तोच होता. दीड वर्ष पोरगी ते ऐकत होती आणि निर्धास्त होती.

पुढं सरासरी एकशे चौदा, एकशे बारा यायला लागली. मीच बायकोला म्हणालो, "लई खाली चाललंय, चक्कर येऊन पडशील. गोळी बंद कर." तिला गोळी नकोच होती. "बरं झालं, तोंड कोरडं पडायचं मेलं," म्हणाली. गोळी बंद झाल्यावर वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढं जायला लागला आणि खालचा साठीकडं उतरला. सरासरी परत तिथंच, एकशेवीस, एकशे बावीस. दोन आकडे एकमेकांपासून लांब पळत होते आणि मी मधोमध उभा राहून ओके लिहीत होतो.

चैत्रात तिनं कुरडयांचे गहू भिजत घातले होते. तीन दिवस पाणी बदलत गहू भिजवायचे, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, शिजवून गच्चीवर घालायच्या. एकदा गहू भिजले की काम सोडता येत नाही, आंबून वास मारतो. नेमकी चीक काढायच्या सकाळी मुलीची शिफ्ट बदलली, पोरांच्या परीक्षा होत्या. तिनं आईला फोन केला, चार दिवस दिघीला येऊन राहा म्हणून. बायकोला फोन कानाला धरून ऐकू येत नसे, म्हणून स्पीकर लावलेला. मी होतो, मुलगा होता. तो वरच्या मजल्यावर राहतो, दुसऱ्या शिफ्टला जातो, सकाळी घरी असतो.

"चीक निघालाय गं, आता कशी येऊ? परवा येते."

"परवा पेपर संपतात आई! दादाकडं काही असलं की लगेच धावतेस. माझ्या वेळी तुला कुरडया आठवतात."

"तुझ्याच पोरांसाठी घालतीय न्हवं?"

"नकोत मला! बस तिथंच, मर त्या कुरडया घेऊन!"

फोन बंद झाला. बायको मला म्हणाली, "तापट हाय, तुमच्यावर गेलीय." पदर खोचला आणि पातेलं घेऊन वर गेली.

दोन तासांनी ती गच्चीवर पडली. हातात सोऱ्या होता. अर्ध्या प्लास्टिकवर कुरडया घातलेल्या, अर्धं मोकळं. तोंड वाकडं झालं होतं. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेली. मेंदूत शीर फुटली म्हणाले.

दवाखान्याच्या जिन्यात मुलीला बघताच मुलगा बोलला, "तुझ्या बोलण्यानं गेली आई. मर म्हणालीस ना? झालं मनासारखं?"

मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. 

मी तिथंच होतो, आणि मला तोवर सगळं कळलेलं होतं. तिला आणलं त्याच दिवशी एका तरुण डॉक्टरनं मला एकट्याला बोलावून विचारलं होतं, "आजोबा, प्रेशर किती असायचं यांचं?"

"एकशेवीस."

"आज सकाळी बघितलं होतं?"

"बघितलं की. वर एकशे शहाऐंशी, खाली चौसष्ट. सरासरी एकशेपंचवीस."

तो लिहायचा थांबला. "सरासरी कोणी काढायला सांगितली तुम्हाला?"

कोणीच नव्हतं सांगितलं. त्यानं दोन मिनिटांत समजावलं, की हृदय दाबतं तेव्हाचा वरचा आकडा, सैल सोडतं तेव्हाचा खालचा. दोन्ही वेगळे, त्यांची बेरीज करायचीच नाही. वरचा एवढा आणि खालचा एवढा कमी म्हणजे मोठ्या नसा कडक झालेल्या. मग तो निघून गेला, त्याला दुसरे पेशंट होते.

मला जे लागलं ते हे, की हे मला माहीत होतं. पाइपाच्या बाहेरच्या मापाला सरासरी चालते, पण भिंतीच्या जाडीला चालत नाही. एका बाजूला भिंत जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असली तर सरासरी झकास येते आणि पाइप पातळ बाजूनं फाटतो. भिंतीचं सगळ्यांत वाईट माप धरायचं आणि त्यावर पाइप पास-नापास करायचा. लाइनवर नवीन येईल त्याला हे मी शिकवायचो. कोणी चुकला तर आईवरून शिव्या द्यायचो. आणि माझ्या बायकोच्या नसेला मी बाहेरचं माप लावून बसलो.

जिन्यात मुलगा बोलला तेव्हा मला मधे पडून सांगता आलं असतं. तोंड उघडलं नाही. म्हटलं, दिवसपाणी होऊ दे. दिवसपाणी झालं. म्हटलं, पोरांचा राग निवू दे. राग निवला नाही. दिवाळीला भाऊबीज आली. सून ताट करून बसली होती. मुलगी आली नाही, भावानं फोन केला नाही. वर्षश्राद्धाला दोन महिने राहिलेत, तर ती मागच्याच आठवड्यात म्हणाली, "मी येणार नाही आबा. त्या घरात मी कुठल्या तोंडानं जेवू?" मी 'बघू' म्हणून फोन ठेवला आणि हायवेपर्यंत चालत गेलो. कंटेनरांची रांग लागली होती. तिथून परत आलो. परत गेलो.

तर दुसऱ्या दिवशी वही घेऊन निघालो. बसमध्ये पिशवी मांडीवर. मोशीपाशी गाड्या तुंबलेल्या, बस हलेना. उतरून परत फिरावं असं दोनदा वाटलं. आकड्यांची पानं ठेवावीत आणि सरासरी लिहिलेला कडेचा भाग फाडून टाकावा, हेही मनात आलं. एका पानाला कडेनं घडी घालूनसुद्धा पाहिली. शेजारचा माणूस म्हणाला, "काका, किती हलताय, मुंग्या आल्या का?" मी वही पिशवीत घातली.

भोसरीच्या दवाखान्यात मुलीला आत झोपवलेलं होतं. दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे. चारही एकदम फुगायचे. नाडीची लाट दंडापर्यंत कधी पोचते आणि घोट्यापर्यंत कधी, हे ते मशीन मोजतं. लाट लवकर पोचली तर नस कडक. डॉक्टरबाई मुलीच्याच वयाच्या असतील. कागद बाहेर आला तो बघून म्हणाल्या, "तुमचं वय अडतीस. नसा पन्नाशीच्या दिसतायत."

मुलगी हसली. "मग मी आबांच्या जवळ पोचले की."

"हसू नका. पोटाचा घेर, साखर, रक्तातली चरबी, प्रेशर, हे चौघं एकाच घरचे. एक आला की बाकीचे मागनं येतात, आणि चौघं मिळून मोठी नस कडक करतात. दिवसभर बसून काम ना?"

"नऊ तास. अकराला वडापाव, चारला क्रीमची बिस्किटं."

"नस मऊ असली तर काय होतं, हृदयाचा ठोका आला की ती थोडी फुगते..."

"आणि धक्का स्वतः खाते," मी म्हणालो. दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. "मऊ पाइप पंपाचा धक्का पोटात घेतो आणि मग हळू पुढं ढकलतो. कडक झाला की धक्का सरळ पुढच्या बारीक जोडाला बसतो. जोड फुटतो."

"बरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मेंदूतल्या, किडनीतल्या बारीक नसा म्हणजे ते जोड. कडक नसेत वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. यांच्या दोन आकड्यांत अजून तेवढं अंतर पडलेलं नाही, वेळ आहे हातात. आईचं काय होतं? वही आणलीत?"

मुलगीच बोलली, "आईचं तर छान होतं हो मॅडम, एकशेवीस-सत्तर. रोज ऐकायचे मी. म्हणून तर..." आणि थांबली. 'म्हणून तर' च्या पुढं काय आहे ते मला ठाऊक होतं. छान असलेलं प्रेशर आपल्या बोलण्यानं चढलं आणि आई गेली, हे ती दहा महिने मनात घोकत होती.

मी वही डॉक्टरबाईंना न देता मुलीच्या हातात दिली.

तिनं पहिलं पान बघितलं. मग मधलं उघडलं. मग शेवटचं. "एकशे अठ्ठ्याहत्तर? आबा, हे एकशे अठ्ठ्याहत्तर कोणाचं?"

"आईचं."

"आणि हे एकशे शहाऐंशी?"

"ती पडली त्या दिवशीचं. तुझा फोन यायच्या आधीचं. सकाळी सातचं."

"तुम्ही मला एकशेवीस सांगायचात."

"सरासरी सांगायचो. दोन्ही मिळवून अर्धी. पाइपाची काढायचो तशी." माझा आवाज मला मोठा वाटला. "गोळी पण मीच बंद केली. तुझ्या भांडणानं न्हाई गेली ती. दीड वरीस चढलेलंच होतं. तू काय म्हणालीस ते तिनं मनावर घेतलंच न्हाई."

डॉक्टरबाईंनी वही मागितली नाही. मुलगी पान बघत राहिली, बोट आकड्यांवरून खाली खाली नेत.

"चूक आहे हे तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"दवाखान्यात. पहिल्याच दिवशी."

"दादा मला जिन्यात बोलला, त्याच्या आधी की नंतर?"

मला इथंही खोटं बोलता आलं असतं. "आधी."

ती उठली. पायातला एक पट्टा काढायचा राहिला होता, तो तिनं ओढून काढला आणि बाहेर गेली. मी तिच्या मागं गेलो. दवाखान्याच्या दारात गाड्या लावलेल्या, त्यात तिची स्कूटर. किल्ली हातात घेऊन ती उभी होती.

"सरासरीचं मला काही नाही आबा. तुम्हाला येत नव्हतं. मी पण नीट सांगितलं नाही, दारात उभी राहून सांगितलं. पण गप्प बसलात? मी रोज स्वतःला शिव्या देत झोपते. भावाचं तोंड बघितलं नाही दहा महिने. आणि तुम्ही फोनवर 'जेवलीस का' विचारत होतात?"

"भीती वाटली."

"कशाची? ह्या वयात कोण मारणार होतं तुम्हाला?"

"तुमी दोघं मला सोडाल म्हणून."

"मग मला सोडलंत ते चाललं?"

 मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. एक टेम्पो मागं येत होता, त्याचा माणूस ओरडत होता, आम्ही बाजूला झालो.

ती म्हणाली, "दादाला फोन लावा."

"घरी गेल्यावर समोर बसवून सांगतो."

"नाही. आत्ता. मला ऐकू येईल असं."

माझे डोळे पाण्यानं भरले होते, नंबर दिसेना. तिनंच माझ्या हातातून फोन घेतला, लावला, स्पीकर चालू केला आणि परत माझ्या हातात दिला. बरीच रिंग वाजली. मुलगा शिफ्टवर होता, मागं प्रेसचा धाडधाड आवाज.

"काय झालं आबा? बरं हाय न्हवं?"

"बरं हाय. ऐक. आईचं प्रेशर दीड वर्ष वाढलेलं होतं. मी चुकीचं वाचत होतो. मीच तिची गोळी बंद केली. तुझ्या बहिणीच्या बोलण्याचा काही संबंध न्हाई. मला तेव्हाच कळलं होतं. तू जिन्यात तिला बोललास तेव्हा मी उभा होतो आणि गप्प राहिलो."

प्रेसचा आवाज येत राहिला. मग तो लांब गेला, मुलगा बहुतेक चालत बाहेर आला असावा.

"तुमी कुठं हाय आता?"

"भोसरीला. तिच्याजवळ."

 मला वाटलं, कट झाला. स्क्रीन बघितली तर सेकंद चालू होते.

"तिला द्या फोन," तो म्हणाला. "आणि स्पीकर बंद करा."

मला तो बंद करता आला नाही. मुलीनं फोन घेतला, स्पीकर बंद केला, कानाला लावला आणि स्कुटरींच्या रांगेपलीकडं भिंतीपाशी गेली. ती फार काही बोलत नव्हती. एकदा 'हं' म्हणाली असावी. मग ओढणी तोंडावर धरली आणि खाली वाकली. मी दोन पावलं पुढं झालो. तिनं न बघता हात मागं केला, थांबा म्हणून. मी थांबलो.

बोलणं लांबलं. आतून डॉक्टरबाई आल्या, मुलीचा कागद आणि गोळ्यांची चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, रोज एक, बंद करायची नाही, कोणी सांगितलं तरी. मी मान हलवली. पलीकडं मुलगी अजून भिंतीकडं तोंड करून ऐकत होती.